समजतं, पण सुटत नाही: बारावीच्या फिजिक्सचा अभ्यास

प्रश्न विचारणारी मुलगी उदगीर तालुक्यातली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी सायन्स, लातूरला रूमवर राहून कॉलेज आणि क्लास. ती लिहिते: ‘सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं. फॉर्म्युले पाठ आहेत. रोज चार तास फिजिक्सला देते. तरी टेस्टमध्ये गणित समोर आलं की सुरुवातच सुचत नाही. नीटच्या मॉक टेस्टमध्ये बायोलॉजीनं कमावलेलं फिजिक्समध्ये जातं. अजून किती तास वाढवू? कुठलं पुस्तक घेऊ? का क्लासच बदलू?’

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात माझी बरीच वर्षं याच लातूर-नांदेड पट्ट्यात गेली, आणि ‘समजतं, पण सुटत नाही’ हे वाक्य दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे कोणी ना कोणी येऊन म्हणतंच. म्हणून आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. तास वाढवू नकोस. चार तास भरपूर झाले. मला वेगळीच माहिती हवी आहे: त्या चार तासांत पुस्तक मिटलेलं, समोर सोडवलेलं उदाहरण नाही, मोबाईलवर कोणाचा व्हिडिओ चालू नाही, कोरं पान आणि पेन एवढंच आहे, असा वेळ किती जातो? तुझ्या पत्रावरून मला तो पाऊण तासाच्या वर वाटत नाही. बाकीच्या वेळात नोट्स वाचणं, फॉर्म्युल्यांना हायलायटर मारणं, सोडवलेली गणितं ‘बघणं’ आणि लेक्चर पुन्हा ऐकणं चालू असेल. हा सगळा वेळ वाया जातो असं नाही, पण कीर्तनाला रोज बसणारा माणूस मान डोलवण्यात तरबेज होतो, त्याला वीणा घेऊन उभं केलं तर दोन ओव्या सलग येत नाहीत. परीक्षा तुला उभं करते. तुझा सराव मात्र बसून ऐकण्याचा चालू आहे.

याचा एक साधा प्रयोग झालेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘रात्री तर सगळं येत होतं’ हे आपल्या मुलांचं गाऱ्हाणं यात नेमकं बसतं. रात्री येत होतं हे खरंच असतं.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली, तुझा भर कशावर आहे. बोर्डाला लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30 गुण. तिथं डेरिव्हेशन, व्याख्या, फरक स्पष्ट करा, आणि लॉग टेबल घेऊन सोडवायची गणितं. नीटला 180 प्रश्नांपैकी 45 फिजिक्सचे, बरोबर आलं तर 4 गुण, चुकलं तर 1 वजा. सीईटीला 50 प्रश्न, चुकीला दंड नाही, आणि बहुतेक भार बारावीच्या धड्यांवर. तिन्हींचा अभ्यास साधारण एकच, पण शेवटच्या दोन महिन्यांचा सराव वेगळा. दुसरी गोष्ट, तुझं गणित. पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलेल्या) मुलांचं खूपदा फिजिक्स कच्चं नसतंच. साइन-कॉसच्या किमती, व्हेक्टरचे घटक पाडणं, ग्राफचा उतार आणि त्याखालचं क्षेत्रफळ, साधं डिफरन्सिएशन, पॉवरची आकडेमोड, एवढ्यातच अडकतं. तसं असेल तर आधी दोन आठवडे रोज अर्धा तास फक्त तेवढंच कर. त्याशिवाय पुढचं काही लागू पडणार नाही. आणि तिसरी, तुझी अकरावी कशी झाली. ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ हा समज आपल्याकडे अजून आहे. न्यूटनचे नियम आणि ऊर्जा हे दोन धडे कच्चे असतील तर बारावीचा रोटेशनल डायनॅमिक्स पहिल्याच आठवड्यात पाय ओढतो.

हे तिन्ही ठीकठाक आहे असं धरून पुढे लिहितो.

एक गणित घे. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर 60 किलोची बाई उभी आहे. लिफ्ट वर चालली आहे आणि तिचा वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंदानं कमी होतो आहे. g, म्हणजे गुरुत्व त्वरण, 10 धर. काट्यावर बल किती दिसेल?

वर्गात हे फळ्यावर लिहिलं की निम्म्याहून जास्त हात 720 न्यूटनला वर जातात. कारण वहीत चौकट करून लिहिलेलं असतं: लिफ्ट वर जाताना m(g + a), खाली येताना m(g − a). पाठांतर चोख आहे. पण उत्तर 480 आहे. लिफ्ट वर चालली असली तरी वेग कमी होतोय, म्हणजे त्वरण खाली आहे. म्हणजे खालचं बल जास्त, वरचं कमी. mg वजा N बरोबर ma (m वस्तुमान, a त्वरण, आणि N म्हणजे काटा बाईला वर ढकलतो ते बल). 600 वजा N बरोबर 120. झालं. या गणितात वर-खाली या शब्दांना काही किंमत नाही, त्वरण कुठल्या दिशेला आहे त्याला आहे. ज्या मुलीनं बाईच्या जागी एक ठिपका काढला, त्यावर खाली mg, वर N असे दोन बाण काढले आणि बाजूला a चा बाण खाली काढला, तिला फॉर्म्युला आठवायची गरजच पडत नाही. ज्यानं बाण काढले नाहीत, त्याला चार प्रकारच्या लिफ्टसाठी चार फॉर्म्युले पाठ करावे लागतात, आणि परीक्षेत पाचव्या प्रकारची लिफ्ट येते.

फॉर्म्युले पाठ असण्याला माझा विरोध नाही. पण प्रत्येक फॉर्म्युल्याला अट असते, आणि पाठ करताना ती अट गळून पडते. व्हर्टिकल सर्कलमध्ये, म्हणजे गोळा उभ्या वर्तुळात फिरवताना, सगळ्यात खालच्या बिंदूला कमीत कमी वेग √(5gr), हे कोणालाही झोपेतून उठवून विचार. दोरी असेल तर ते खरं आहे. दोरीच्या जागी हलकी कडक दांडी आली की तोच वेग 2√(gr) होतो, कारण दोरीला ढकलता येत नाही, दांडीला येतं. वरच्या टोकाला वेग शून्य झाला तरी दांडी गोळ्याला धरून ठेवते. म्हणून माझ्या मुलांना मी सांगतो, फॉर्म्युल्यांची वही करायची तर प्रत्येकासमोर ‘कधी’ असा एक रकाना ठेवा. v = u + at कधी? त्वरण स्थिर असेल तेव्हाच. ऊर्जा अक्षय्यता कधी? घर्षण काम करत नसेल तेव्हा. हा रकाना भरायला फॉर्म्युला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि फिजिक्सचा अभ्यास म्हणतात तो त्याच वेळात होतो.

1981 मध्ये अमेरिकेत मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिक्समध्ये पीएच.डी. करणाऱ्यांना आणि नवख्या विद्यार्थ्यांना गणितांची एक चळत दिली. सोडवू नका, फक्त गट पाडा म्हणाले. नवख्यांनी ‘उताराची’, ‘स्प्रिंगची’, ‘पुलीची’ असे गट केले. मुरलेल्यांनी ‘ऊर्जा अक्षय्यतेची’, ‘न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची’ असे केले. तुला सुरुवात सुचत नाही त्याचं मूळ मला इथं वाटतं. गणितात स्प्रिंग दिसली की तू स्प्रिंगचा फॉर्म्युला शोधतेस. तिथं विचारायचं असतं ते असं: इथं काय बदलतंय, काय तसंच राहतंय, आणि मला वेळ हवाय, बल हवंय की नुसता वेग? वेळेशी घेणं नसेल आणि उंची-वेगाची भाषा असेल, तर बहुतेकदा ऊर्जेनं दोन ओळींत सुटतं.

मग रोज बसायचं कसं, ते सांगतो. वेळ कमी ठेव, पण त्यात पाणी घालू नकोस. दीड तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत, नाहीतर मेसवाल्या काकूंकडे. पहिली दहा मिनिटं काल केलेला भाग पुस्तक न उघडता एका पानावर लिहून काढ: आकृती, मुख्य समीकरण, त्याची अट. जे आठवलं नाही तेवढंच पुस्तकात बघ. मग गणितं. प्रत्येक गणिताला पहिले काही क्षण पेन आकडेमोडीला लावायचं नाही. आकृती, बाण, दिलेलं काय, मागितलं काय, कुठला नियम लागेल असं वाटतं आणि का, हे एका ओळीत मराठीत लिही. हो, मराठीत. बोर्डाला इंग्रजीतच लिहायचं आहे, संज्ञा इंग्रजीतच पक्क्या हव्यात, पण विचार ज्या भाषेत पळतो त्याच भाषेत करावा. ‘वेग कमी होतोय म्हणजे त्वरण उलटं’ हे तुझ्या डोक्यात मराठीत पटकन उमटतं, मग तिथं इंग्रजीची पाटी लावून त्याला अडवायचं कशाला?

अडलीस तर पंधरा मिनिटं अडून राहा. हा सगळ्यात नावडता भाग, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. या पंधरा मिनिटांत बघ्यासारखं बसायचं नाही. आकृती वेगळी काढून बघायची, एखादा आकडा शून्य केला तर काय होईल ते बघायचं, एककं जुळतात का बघायचं. तरी सुटलं नाही तर उत्तर उघड, पण हातानं झाकून फक्त पहिली ओळ वाच. परत झाक, पुढे स्वतः जा. पूर्ण उत्तर वाचून ‘अच्छा, असं होतं होय’ म्हणून पुढच्या गणिताकडे गेलीस तर ते गणित तुझं झालं नाही. त्यावर खूण कर आणि दोन दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा सोडव. आठवड्यानं परत एकदा. दीड तासात अशी सहा-सातच गणितं होतील. रूममेट तोवर चाळीस एमसीक्यू टिकमार्क करून झोपलेली असेल. असू दे.

उत्तर आलं की एक सवय लाव: ते जगात बसतं का बघ. इलेक्ट्रॉनचा वेग 5 × 10⁹ मीटर प्रति सेकंद आला तर प्रकाशाच्या पुढे पळालाय, कुठंतरी घात चुकलाय. आपल्याकडे तर असे आकडे तपासायला शेतात जाता येतं. विहिरीच्या काठावर बसवलेली मोटर खोल गेलेलं पाणी ओढत नाही हे तुझ्या घरी सगळ्यांना माहीत असेल. का ओढत नाही? मोटर पाणी ओढतच नाही. ती पाइपातला दाब कमी करते, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेचा दाब सुमारे 1.01 × 10⁵ पास्कल. त्याला पाण्याची घनता 1000 आणि g 9.8 यांच्या गुणाकारानं भाग, उत्तर 10.3 मीटर. समुद्रसपाटीला, आणि तेही पाइपात पूर्ण पोकळी करता आली तर. लातूरची उंची सहाशे मीटरच्या वर, म्हणजे साडेनऊच्या आसपास. घर्षण, फूट व्हॉल्व्ह आणि वाफ यांचा वाटा गेला की हाती सातेक मीटर राहतात. म्हणून पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवतात, आणि बोअरला सबमर्सिबल लागतो, कारण तो खालून ढकलतो. फ्लुइड्सच्या धड्यातलं P = hρg (दाब म्हणजे उंची, घनता आणि g यांचा गुणाकार) एकदा असं घरच्या विहिरीवर लावलंस की परीक्षेत h च्या जागी काय घालायचं हा घोळ होत नाही.

(विषय निघालाच आहे म्हणून: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, त्यांत लेसर, आणि परत आलेल्या दोन किरणांचं व्यतिकरण. म्हणजे तुझ्या वेव्ह ऑप्टिक्सच्या धड्यातलं इंटरफिअरन्सच. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण पाथ डिफरन्सनं कंटाळा आला की आठव, उदगीरहून गाडीनं काही तासांवर तेच होणार आहे.)

चुकांची वही बहुतेक क्लासमध्ये करायला सांगतात, आणि मुलं काय करतात तर चुकलेलं गणित सुंदर अक्षरात पूर्ण उतरवून काढतात. ती नक्कल झाली. वहीत गणित नको, चूक हवी, एका वाक्यात. ‘लिफ्ट वर म्हणजे a वर असं धरलं.’ ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत, क्षेत्रफळ होतं म्हणून 10⁴ नं चुकलं.’ ‘समांतर रेझिस्टन्सचं शेवटी उलटं करायचं राहिलं.’ ‘नियम बरोबर निवडला, आकडेमोडीत घाई.’ महिनाभरानं ही पानं वाचलीस की तुला तुझा नमुना दिसेल. एका मुलाच्या वहीत अर्ध्याहून अधिक ओळी एककांच्या होत्या. त्याला नवीन पुस्तकाची नाही, प्रत्येक आकड्यासमोर एकक लिहायच्या शिस्तीची गरज होती. तुझं काय निघेल ते मला माहीत नाही, तुलाही आज माहीत नाही. वही ठेवल्याशिवाय कळायचं नाही.

सराव धड्याप्रमाणेच करत राहिलीस तर एक फसवणूक होते. क्लासची शीट असते ‘करंट इलेक्ट्रिसिटी’ची, त्यातलं प्रत्येक गणित करंट इलेक्ट्रिसिटीचंच आहे हे आधीच ठाऊक असतं. म्हणजे सुरुवात कुठून करायची हा अवघड निर्णय छापणाऱ्यानंच घेऊन ठेवलेला. मॉक टेस्टला तो तुझ्यावर येतो, आणि तिथं तू म्हणतेस सुरुवात सुचत नाही. म्हणून नवीन धडा झाल्यावर दोन-तीन दिवस त्याचीच गणितं ठीक. त्यानंतर आठवड्यातून दोनदा भेसळ: चार-पाच जुन्या धड्यांतली प्रत्येकी दोन, क्रम विस्कटून. रूममेटला चिठ्ठ्या काढायला सांग. गुण सुरुवातीला कमी येतील, त्यानं घाबरू नकोस.

डेरिव्हेशन बोर्डासाठी लागतातच, आणि ती घोकणारे लोक मधली एक ओळ विसरले की पुढचं सगळं विसरतात. डेरिव्हेशनमधल्या तीन गोष्टी धर: आकृती, कुठल्या नियमापासून सुरुवात, आणि मधे कुठं गृहीत धरलं (कोन लहान, घर्षण नाही, तापमान स्थिर). उरलेलं बीजगणित आहे, ते हातानं येतं. लॉग टेबल मात्र आतापासून हाताशी ठेव. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही. जानेवारीत पहिल्यांदा लॉग टेबल उघडणारी मुलं मी दर वर्षी बघतो. नीटला तेही नाही, तिथं √10 म्हणजे 3.16, π² म्हणजे जवळपास 10 असे अंदाज चालवायची सवय हवी.

प्रॅक्टिकलबद्दल एकच. रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवू नकोस. मीटर ब्रिजवर नल पॉइंट (काटा शून्यावर येतो ती जागा) स्वतः शोधल्यावर व्हीटस्टन ब्रिज जेवढा कळतो तेवढा चार लेक्चरनं कळत नाही.

पुस्तकाचं विचारलंस. बोर्डासाठी बालभारतीचं पाठ्यपुस्तक, नीटसाठी एनसीईआरटी आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आणि क्लासनं दिलेलं मटेरियल. याशिवाय काही घेऊ नकोस. लातूरच्या प्रत्येक रूमवर खिडकीत जाडजूड पुस्तकांची भिंत असते आणि त्यातली निम्मी शेवटच्या धड्याला कोरी करकरीत असतात. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणंसुद्धा आधी उत्तर झाकून सोडव. तेवढ्यानंच महिना जाईल.

राहिला क्लास बदलायचा प्रश्न. सत्र निम्मं झाल्यावर मी सहसा बदल म्हणत नाही. नवीन ठिकाणी धड्यांचा क्रम वेगळा, दोन धडे दोनदा होतात आणि एक होतच नाही. त्याआधी एक करून बघ. डाउट विचारायला जाताना ‘सर, हे सुटत नाही’ म्हणून पुस्तकावर बोट ठेवू नकोस. असं विचारलंस की सर तुला पूर्ण गणित सोडवून दाखवतात, तुला परत ‘समजतं’, आणि तू होतीस तिथंच राहतेस. तुझं अर्धवट पान घेऊन जा: आकृती, बाण, निवडलेला नियम, आणि अडलेली ओळ. ‘इथपर्यंत आले, पुढे N कुठल्या दिशेला घ्यायचा कळत नाही’ असं विचारलंस तर दोन मिनिटांत काम होतं, आणि सरांनाही तुझं नेमकं दुखणं कळतं. क्लासच्या बॅचमध्ये दीडशे मुलं असतील आणि ते पान बघायला कोणाला वेळ नसेल, तर कॉलेजच्या सरांकडे जा. तासाला मुलं नसतात म्हणून ते दुपारी स्टाफ रूममध्ये बसलेले असतात, आणि कोणी खरंच फिजिक्स विचारायला आलं तर खुर्ची पुढे ओढतात.